नववा प्रश्न

फॉर्मवर बारा प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन. माजी विद्यार्थी मेळाव्याला आलेल्या प्रत्येकाच्या हातात दारातच तो कागद आणि एक निळं पेन पडत होतं, कारण पुढच्या महिन्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांची गुणवत्ता तपासून श्रेणी देणाऱ्या परिषदेची, पिअर टीम यायची होती आणि माजी विद्यार्थ्यांचे अभिप्राय फायलीला लागलेले दिसायला हवे होते. मी शेवटच्या रांगेत बसून, कागद गुडघ्यावर ठेवून भराभर टिका मारत सुटलो. ग्रंथालय उत्कृष्ट, शिक्षकवृंद उत्कृष्ट, क्रीडांगण उत्कृष्ट. आपल्याच कॉलेजला कोण कमी मार्क देणार! कागद उलटला. मागच्या बाजूला नववा प्रश्न होता : 'आपल्या पाल्यास या महाविद्यालयात प्रवेश घेण्याचा सल्ला द्याल का?' पहिला चौकोन 'निश्चितपणे'चा. पेन थांबलंसुद्धा नाही.

मग भाषणं झाली, माझंही झालं. झूलॉजीच्या प्रयोगशाळेतल्या गमती सांगितल्या, टाळ्या मिळाल्या. नंतर व्हरांड्यात चहा घेत उभा होतो, तेव्हा एनएसएसचा बिल्ला लावलेली एक मुलगी ट्रे घेऊन आली. फर्स्ट इयरची. "सर, तुम्ही झूलॉजीचे ना? मी पण झूलॉजीच घेणारे," म्हणाली. मी खूश. गाव कुठलं, घरी कोण असतं, सगळं विचारून झालं. मग तिनं विचारलं, "तुमची मुलं पण सायन्सलाच आहेत का सर?" म्हटलं, मुलगी आहे, बीएस्सीच करतेय. "इथंच?" नाही, पुण्यात. मी कॉलेजचं नाव सांगितलं. "भारी कॉलेज आहे ते. आमच्या सरांनी सांगितलंय," असं म्हणून तिनं कठड्यावरचे रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि पुढच्या घोळक्याकडे गेली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर तरी देता येतं.

त्या दिवशी स्टेजवर आणि पहिल्या दोन रांगांत आम्ही वीस-बावीस 'यशस्वी' माजी विद्यार्थी होतो. बँकेतले, जिल्हा परिषदेतले, दोन डॉक्टर, एक पोलीस निरीक्षक, एक द्राक्ष बागायतदार. प्रत्येकानं माइकवर कॉलेजचं भवितव्य हा शब्द वापरला. परतीच्या प्रवासात मी सहज मनातल्या मनात हजेरी घेतली. कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाची मुलगी सांगलीला, एकाचा कोटा करून आता मणिपालला, एकाचा थेट जर्मनीत. पटावर आमचं एकही पोर नाही. आणि मेळाव्यात एकमतानं ठरलं काय, तर प्रवेशद्वारावर कमान बांधायची. आरसीसीची, वर संस्थापकांचा अर्धपुतळा, खाली देणगीदारांची नावं. मीही आकडा सांगून टाकला होता. कमानीचं एक बरं असतं, ती पूर्ण झालेली दिसते.

आमचं कॉलेज सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाऊस चुकवणाऱ्या पट्ट्यातलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे सुरू झालेलं. त्या वर्षी आमचे वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते, दुपारच्याला सुकडी खात होते, आणि त्याच वर्षी संस्थेची माणसं गावोगाव कॉलेजसाठी वर्गणी मागत फिरत होती. आता हे मला अजबच वाटतं. प्यायला पाणी नाही, जनावरं छावणीला, आणि गावात माणूस येतो तो कॉलेज काढायचंय म्हणून पैसे मागतो. आणि लोक देतात! वडिलांनी अकरा रुपये दिले. पावती आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत होती. पातळ गुलाबी कागद, कार्बनची जांभळी अक्षरं आणि रकमेपुढे अक्षरी 'रु. अकरा फक्त'. कॉलेजच्या मुख्य इमारतीत दगडी पाटी आहे, तिच्यावर देणगीदारांची नावं एकशे एक रुपयांपासून सुरू होतात. लहानपणी मी ती पाटी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली होती.

अर्थात या मुलखाला हे नवीन नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून मूठमूठ धान्यावर शिक्षण उभं करायची सवय इथल्या हाडात मुरलेली. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 चं, कराडचं गाडगे महाराज कॉलेज 1954 चं. कमवा आणि शिका. तिकडे विदर्भात पंजाबराव देशमुख, मराठवाड्यात बाबासाहेबांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय. पुढे 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि मग तालुक्यातालुक्याला वाटू लागलं, आपल्यालाही कॉलेज हवं. साखर कारखान्याच्या पट्ट्यात उसाच्या बिलातून टनामागे शिक्षणासाठी कपात व्हायची. आमच्याकडे ऊसच नव्हता, खडी होती.

मी 1990 ते 93 तिथं होतो. झूलॉजीच्या प्रयोगशाळेला एक वास होता, फॉर्मॅलिनचा, डोळ्यांत शिरणारा. पहिल्या दिवशी पोरं नाक धरून बाहेर पळायची, तिसऱ्या वर्षी त्याच वासात डबा खायची. भिंतीला लागून काचेचं कपाट आणि त्यात बरण्या. नाग, घोणस, फुरसं, सापसुरळी, दोन तोंडांचं करडू. हे करडू आमच्याच तालुक्यातल्या एका धनगरानं आणून दिलेलं. प्रत्येक बरणीवर आमच्या सरांच्या हातची चिठ्ठी. काळी शाई, शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरात, खाली पकडल्याचं ठिकाण आणि तारीख. सर मूळचे कोकणातले, इथं नोकरीला आले ते इथलेच होऊन गेले. दर रविवारी माळावर आम्हाला घेऊन फिरायचे. दगड उचलायचे, खाली विंचू असला की त्याच्याशी ओळख करून दिल्यासारखे बोलायचे. त्यांचा पगार सरकारी अनुदानातून यायचा, नोकरी कायम होती, म्हणून घर बांधलं, मुलं गावातल्या शाळेत घातली, आणि म्हणूनच तीस वर्षं माळावर फिरू शकले. हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. सर म्हणजे सर, टेकडी म्हणजे टेकडी, कायमची.

मेळाव्याच्या दिवशी मुद्दाम प्रयोगशाळेत डोकावलो. कपाट तेच. चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर वाचता येत होतं. नागाच्या बरणीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं आणि फणा वर उघडा पडलेला, वाळून तपकिरी. तिथं एक तिशी ओलांडलेला तरुण शिक्षक होता. नेट झालेला, पीएच.डी. झालेला, आणि सात वर्षं तासिका तत्त्वावर. "वरनं वाळायला लागतो सर," तो म्हणाला, "मी दिवाळीत भरतो. या वर्षी राहिलंय." फॉर्मॅलिनची बाटली कुठून आणतोस, विचारल्यावर नुसता हसला.

या तरुणाच्या नोकरीत कॉलेजची सगळी कुंडली वाचता येते. सर निवृत्त झाले, जागा रिकामी झाली. जागा भरायची तर वर्कलोड दाखवावा लागतो, पूर्णवेळ माणसामागे आठवड्याला सोळा तास. मुलं कमी झाली की तुकडी एक होते, प्रॅक्टिकलची बॅच एक होते, तास भरत नाहीत. तास भरत नाहीत म्हणून कायम माणूस नाही. कायम माणूस नाही म्हणून मुलं म्हणतात, तिथं शिकवायला कोण आहे? आणि पुढच्या जूनला आणखी सात-आठ कमी होतात. हे चाक एकदा उलटं फिरायला लागलं की त्याला ढकलायला कुणी लागत नाही. तासिकेचं बिल कधी सहा महिन्यांनी निघतं, कधी वर्ष संपल्यावर. सुट्टीत तर तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत, पण मे महिन्यात काम सगळ्यांत जास्त. गावोगाव फिरून ॲडमिशन गोळा करायच्या. प्रत्येक शिक्षकाला गावं वाटून दिलेली, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पत्रकं, गाडीत स्वतःचं पेट्रोल. बारावीचा निकाल लागला की याच गावात तीन-तीन कॉलेजांचे मास्तर एकमेकांना चहाच्या टपरीवर भेटतात. "लोक पाणी देतात, बसायला देतात," तो सांगत होता, "आणि विचारतात, सर, पोरगं रोज नाही आलं तर चालेल ना?"

चालेल, असं तो म्हणतो. काय करेल?

वडिलांच्या वेळी वर्गणी मागत माणसं फिरली होती, आता मुलं मागत फिरतात. दोन्ही वेळा दारात उभा राहणारा मास्तरच.

मेळाव्याच्या आदल्या रात्री मी गावातच मुक्कामाला होतो. झोप लागेना म्हणून पहाटे पाचला कॉलेजच्या ग्राउंडवर फिरायला गेलो, आणि थबकलो. अंधारात शंभरेक पोरं-पोरी पळत होत्या. फाटकाजवळ मोटारसायकलींची रांग, एका गाडीचा हेडलाइट चालू ठेवून त्या उजेडात गोळा फेकायचं चाललेलं. पोलीस भरती. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. एक पोरगा मोबाइलवर वेळ लावून ओरडत होता, "पाच चाळीस! मेलास तू!" धुळीचा, घामाचा आणि कुणीतरी आणलेल्या उकडलेल्या अंड्यांचा वास. सात वाजता हीच पोरं ग्रंथालयाच्या मागच्या अभ्यासिकेत शिरली. तिथं जागा मिळवायला वह्या ठेवून नंबर लावतात. भिंतीवर कुणीतरी स्केचपेननं लिहिलेलं, 'मोबाइल सायलेंट, स्वप्न नाही'. (हे वाक्य कुठल्या तरी अकादमीच्या बोर्डावरून आलं असणार, पण अक्षर फार सुबक होतं.) आणि साडेदहा वाजता घंटा झाली तेव्हा वर्गांत मोजून अकरा, चौदा, नऊ.

मी एका पोराला विचारलं, तू या कॉलेजचा का? "नाव हितं हाय," तो म्हणाला. हे 'नाव हितं हाय' फार विचार करण्यासारखं आहे. त्याचं नाव इथं, शरीरही पहाटे पाचपासून इथंच, पण साडेदहा ते अडीच तो इथं नाही. अकरावी-बारावीचं तर त्याहून पुढचं. नाव इथं आणि पोरगं लातूरला क्लासमध्ये, फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तोंड दाखवायला येणार. म्हणजे कॅम्पस मेलेला आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्या वेळी पहाटे पाचला त्या ग्राउंडवर फक्त शेळ्या असायच्या. जागा लोकांना हवीच आहे. त्यांना नको आहे तो साडेदहाचा तास, कारण त्या तासातून पुढे काय निघतं ते कुणी त्यांना दाखवू शकत नाही. पदवी लागते ती फॉर्म भरायला. आणि नॅकच्या फायलीत अभ्यासिकेसाठी एक रकाना असेलही, पण हेडलाइटच्या उजेडात गोळा फेकणाऱ्या मुलीसाठी नसणार.

मेळाव्यात प्राचार्यांनी नवीन शैक्षणिक धोरणाबद्दल सांगितलं. 2020 च्या या धोरणाला छोटी छोटी संलग्न कॉलेजं फारशी आवडत नाहीत; पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धतच टप्प्याटप्प्यानं संपवायची, मोठ्या, बहुविद्याशाखीय संस्था करायच्या, विद्यार्थी हजारांत हवेत. आमच्या पटावर चारशे बारा. सभागृहात एकदम शांतता पसरली. मग कुणीतरी साताऱ्याचं उदाहरण दिलं, तिथं तीन कॉलेजं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं समूह विद्यापीठ झालं, तसं आपणही शेजारच्या दोन तालुक्यांतली कॉलेजं जोडू. कल्पना वाईट नाही. कागदावर तर छानच आहे. फिजिक्सचा माणूस या गावात, झूलॉजीचा त्या गावात, पुस्तकं सगळ्यांची. फक्त साताऱ्यातली ती तिन्ही कॉलेजं एका शहरातली आहेत. आमच्या तीन गावांमध्ये दोन घाट नसले तरी पस्तीस-चाळीस किलोमीटर आहेत आणि त्यांना जोडणारी वस्तू एकच आहे, एसटी.

एसटीवर कुणीच बोललं नाही. आम्ही सगळे आपापल्या गाड्यांनी आलो होतो.

एसटीचं हे दुखणं मला त्या चहा देणाऱ्या मुलीमुळे कळलं. तिचं गाव सतरा किलोमीटरवर. सकाळची गाडी सव्वाआठला, म्हणजे ती तास सुरू व्हायच्या कितीतरी आधी कॉलेजात येऊन व्हरांड्यात बसते. परतीची शेवटची गाडी सव्वाचारला. प्रॅक्टिकल दोन ते पाच. "मग अर्ध्यातून उठता?" "हो. कट्ट्यावरचं आवरून ठेवते आणि निघते. निरीक्षणं मैत्रीण फोटो काढून पाठवते." बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट होता, आता महिन्याचा काढावा लागतो, तो वडील काढतात. पण एक दिवस गाडी चुकली आणि ती अंधार पडल्यावर कुणाच्या तरी टेम्पोतून घरी पोचली, तर आजीनं विषयच काढला, बास झालं शिक्षण. पुढच्या वर्षी झूलॉजी घेणार म्हणाली होती ना, त्या वाक्यात एक 'जर' होता तो मी ऐकला नव्हता. घरी आल्यावर ऐकू आला.

खरं सांगायचं तर मुलीला पुण्याला पाठवल्याचा मला पश्चात्ताप नाही. तिथं तिला वेगळं जग मिळालं, चांगली प्रयोगशाळा मिळाली, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. म्हणून तर तो निळ्या पेनचा चौकोन टोचतो. चूक केली असती तर कबूल करून मोकळा झालो असतो. मी बाप म्हणून बरोबर वागलो, माझ्यासारखे सगळे बाप बरोबर वागले, आणि सगळ्यांचं मिळून चारशे बारा झालं. ज्याला जाता येतं तो जातो. उरते ती सव्वाचारच्या गाडीची मुलगी, आणि तिच्यासाठी हे कॉलेज चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. हे कॉलेज किंवा लग्न, एवढाच प्रश्न आहे. आमच्याच तालुक्यात वीसेक वर्षांपूर्वी डी.एड.ची कॉलेजं उगवली होती. शिक्षकभरती थांबली, कॉलेजं बंद पडली. त्यातल्या एका इमारतीत आता मंगल कार्यालय आहे. गेल्या वर्षी तिथं जेवायला गेलो होतो, पंगत ज्या हॉलमध्ये बसली तिथं भिंतीवर फळ्याची पुसट चौकट दिसत होती.

आल्यावर पंधरा दिवसांनी मी एक अर्ज लिहिला. आगारप्रमुखांना. सव्वाचारची गाडी सोमवार ते शुक्रवार साडेपाचला सोडावी, सोबत विद्यार्थिनींची यादी. यादी त्या तासिकेवाल्या सरांनी करून दिली. तीन मार्गांवरच्या मिळून एकसष्ट मुली. ग्रुपवर टाकलं, सह्या हव्यात. कमानीच्या वर्गणीला ज्यांनी दहा मिनिटांत होकाराचे अंगठे टाकले त्यांतल्या सात जणांनी सही पाठवली. बाकीच्यांनी हात जोडलेले. आगारातून उत्तर आलं की चालकांची कमतरता आहे, तरी विषयाची नोंद घेतली आहे. पुन्हा फोन केला तर तिथले बाबू म्हणाले, "साहेब, साडेपाचला सोडतो ओ, पण ती मुक्कामी गाडी करावी लागंल. चालक-वाहकाच्या झोपायची सोय गावानं करावी." गावात विचारलं. समाजमंदिराची खोली आहे, पंखा बंद आहे. सध्या गोष्ट पंख्यापाशी अडलेली आहे.

कमानीचं काम सुरू झालं आहे. खड्डे घेतल्याचा फोटो ग्रुपवर आला, नारळ वाढवतानाचाही.

परवा कॉलेजातून फोन आला. आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बघणाऱ्या मॅडम होत्या. "सर, तुमच्या फॉर्मवर मागच्या बाजूला सही राहिलीय. पान व्हॉट्सॲपवर टाकते, प्रिंटवर सही करून स्कॅन पाठवाल का? फाइल बंद करायचीय." प्रिंट काढली, टेबलावर ठेवली. मुलगी शनिवार-रविवारची घरी आलेली. चार्जर शोधता शोधता तिनं कागद उचलला, उभ्याउभ्या वाचला, मधेच हसली.

"बाबा, पाल्य म्हणजे मीच ना?"

हो म्हटलं. तिनं कागद होता तसा पालथा ठेवला आणि चार्जर घेऊन आत गेली. मॅडमचा आज पुन्हा मेसेज आलाय.